साइडमाउंट डायव्हिंग: दोन टाक्या अंगाशी नीट कशा बसवायच्या

साइडमाउंटमध्ये पाठीवर टाकी नसते. दोन टाक्या काखेपासून कमरेपर्यंत अंगाला समांतर राहतात. वरच्या टोकाला रबरी बंजी त्यांना धरून ठेवते, खालच्या टोकाला बोल्ट स्नॅप, म्हणजे खटका सरकवून उघडायचं धातूचं हुक. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या गुहांमध्ये ही पद्धत सुरू झाली, कारण पाण्याने भरलेल्या अरुंद फटींतून पाठीवरची टाकी घेऊन जाणं अशक्य होतं. पुढे फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या गुहांमध्ये तिला आजचं रूप आलं. आता मोकळ्या समुद्रात डाइव्ह करणारेही ती वापरतात. पाठीवर ओझं येत नाही, दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर असतात आणि हवेचे दोन पूर्णपणे वेगळे साठे सोबत असतात.

पाठीवरच्या टाकीचा पट्टा आवळला की काम झालं. साइडमाउंटमध्ये मात्र बंजीची लांबी, बँडची उंची, स्नॅपची दिशा, कमरेच्या रिंगची जागा, वजनं या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसावा लागतो. टाक्या लोंबताहेत, पाय वर जाताहेत, व्हॉल्व्ह हाताला लागत नाही, या नवशिक्यांच्या नेहमीच्या तक्रारी. पाण्यात कितीही हातपाय मारले तरी त्या सुटत नाहीत, कारण चूक जमिनीवरच्या जुळवणीत असते.

शिकायचं तर प्रशिक्षकाकडेच शिका. मोकळ्या पाण्यातल्या मूलभूत साइडमाउंट कोर्ससाठी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचं पहिलं, प्रमाणपत्र पुरतं. या कोर्समुळे गुहेत जायचा परवाना मिळत नाही; गुहेचं प्रशिक्षण पूर्णपणे वेगळं असतं. प्रशिक्षक निवडताना एकच गोष्ट विचारा: पहिल्या दिवशी हार्नेस अंगावर बसवायला किती वेळ देणार? ‘पंधरा मिनिटं’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधा. हे काम अर्धा दिवस खातं आणि तो वेळ वाया जात नाही.

हार्नेस आणि विंग

हार्नेस ५० मिमी रुंदीच्या वेबिंगचा असतो: दोन खांद्यांचे पट्टे, कमरेचा पट्टा आणि दोन पायांमधून येणारा क्रॉच स्ट्रॅप. खांद्याच्या पट्ट्याखाली सपाट हात सहज सरकायला हवा. पट्टे जास्त आवळले तर हात डोक्यावर नेता येत नाहीत. सैल राहिले तर टाक्यांच्या ओढीने सगळा हार्नेस पोटाकडे घसरतो. घातल्यावर दोन्ही हात मानेमागे नेऊन एकमेकांना लावून बघा. ड्रायसूट किंवा जाड वेटसूट वापरणार असाल तर तो घालूनच मापं घ्या.

क्रॉच स्ट्रॅपकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. साइडमाउंटची विंग, म्हणजे हवा भरायची पिशवी, कमरेपाशी असते. तो पट्टा सैल असेल तर विंग फुगल्यावर पाठीवरून वर सरकते, टाक्यांची खालची टोकं तिच्यामागे जातात आणि ट्रिम, म्हणजे पाण्यात अंग आडवं ठेवण्याचा तोल, बिघडते. चालताना किंचित जाणवेल, पण काचणार नाही, इतपत पट्टा घट्ट हवा.

विंगची उचल टाक्यांच्या प्रकाराशी जुळते का तेही बघा. पातळ वेटसूट, भरलेल्या दोन स्टीलच्या टाक्या आणि छोटी विंग हा धोकादायक मेळ आहे. विंग फाटली तर तेवढं ओझं घेऊन पोहत वर येता येत नाही.

टाक्या, व्हॉल्व्ह आणि बँड

दोन्ही टाक्या एकाच प्रकारच्या आणि एकाच मापाच्या घ्या. शिकण्यासाठी ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी, जिला ‘८०’ म्हणतात, ती चांगली. तिचा भरण्याचा दाब २०७ बार असतो. शक्य असेल तर डावा आणि उजवा असे आरशातल्या प्रतिमेसारखे व्हॉल्व्ह मिळवा, म्हणजे दोन्ही नॉब बाहेरच्या बाजूला आणि दोन्ही फर्स्ट स्टेज (श्वासाची हवा देणाऱ्या रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) आतल्या बाजूला येतात. एकाच दिशेचे व्हॉल्व्ह असले तरी काम चालतं, पण एका बाजूचा नॉब अडचणीत येतो आणि त्या हाताला वेगळी सवय लावावी लागते. सुरुवातीलाच ती कटकट कशाला?

टाकीवर स्टेनलेस स्टीलचा बँड किंवा कॅम बँड बसतो आणि त्याला बोल्ट स्नॅप बांधतात. स्नॅप नायलॉनच्या दोरीने बांधा, धातूला धातू जोडू नका. अडकलेली टाकी सोडवायची वेळ आली तर दोरी सुरीने कापता येते, कडी कापता येत नाही. उघड्या तोंडाची, आपोआप अडकणारी कॅराबिनरसारखी हुकं वापरू नका. त्यांत मासेमारीची दोरी किंवा जाळं स्वतःहून घुसतं आणि निघत नाही. स्नॅप टाकीच्या जितका जवळ राहील तितकं चांगलं. दोरी दोन-तीन बोटं जास्त झाली की टाकीचं शेपूट खाली लोंबायला लागतं.

बँड नक्की कुठे बसवायचा याचं गणित सोपं आहे. काखेपासून कमरेवरच्या अडकवायच्या रिंगपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच अंतर व्हॉल्व्हपासून बँडपर्यंत ठेवा. बँड बुडाकडे गेला की व्हॉल्व्ह काखेच्या पुढे, तोंडाशी येतो. बँड व्हॉल्व्हकडे गेला की व्हॉल्व्ह काखेच्या मागे राहतो, बंजी ताणली जाते आणि शेपूट कमरेमागे बाहेर येतं. माप नेहमी टाकीच्या गळ्यापासून घ्या, बुडापासून नाही. बूट लावलेल्या किंवा गोल बुडाच्या टाकीत बुडाकडून घेतलेलं माप चुकतं. दोन्ही टाक्यांवर तेच माप ठेवा आणि मार्करने खूण करा.

आता स्नॅपची दिशा. टाकीभोवती स्नॅप कुठल्या कोनात आहे यावर टाकी स्वतःभोवती किती फिरते हे ठरतं. कोन चुकला की व्हॉल्व्ह बाहेर वळतो, फर्स्ट स्टेज छातीपासून दूर जाते आणि जिथे तिथे आपटते. कोन अंदाजाने ठरवू नका. हार्नेस घाला, टाकी बंजीत अडकवा, नॉब बाहेर आणि फर्स्ट स्टेज आत वळवा. कमरेची रिंग टाकीला जिथे टेकते तिथे दुसऱ्याला खूण करायला सांगा. स्नॅप त्या खुणेवर यायला हवा.

बंजी

बंजीचा दोर साधारण ६ ते ९ मिमी जाडीचा असतो. काही जण पाठीमागून फिरणारी एकच लांब बंजी वापरतात, काही प्रत्येक खांद्याला वेगळी. दोन्ही पद्धती चालतात. वेगळ्या बंजीचा फायदा हा की एक तुटली तरी दुसरी बाजू जागेवर राहते.

बंजी व्हॉल्व्हच्या मानेभोवती जाते. व्हॉल्व्ह काखेत ओढून धरणं हे तिचं काम. टाकी लावून, हात सैल सोडून उभं राहिलं की व्हॉल्व्ह खाली लोंबणारच, त्यात काही विशेष नाही. बंजीची परीक्षा पाण्यात आडवं झाल्यावर होते. तिथे व्हॉल्व्हचं टोक खाली झुकत असेल तर बंजी सैल आहे किंवा जुनी होऊन तिचा ताण गेला आहे. उलट बंजी इतकी आखूड असेल की ती व्हॉल्व्हवर चढवायला दोन हात आणि दात लागतात, तर टाकी खांद्यात घुसते आणि हात पुढे नेता येत नाही. एका हाताने, मान न वळवता चढवता आणि काढता येईल इतपतच ताण ठेवा. बंजी बदलताना एका वेळी दोन सेंटिमीटरच कमी करा. कापलेला दोर परत जोडता येत नाही, म्हणून आधी नुसती गाठ मारून पाण्यात बघा, मग कापा.

रेग्युलेटर आणि नळ्या

दोन वेगळ्या टाक्या म्हणजे दोन फर्स्ट स्टेज, दोन सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) आणि टाकीतला दाब दाखवणारे दोन गेज. फिरता माथा असलेली फर्स्ट स्टेज सोयीची, तिच्या नळ्या हव्या त्या दिशेला वळतात. जोडणी डिन पद्धतीची, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये पिळून बसणारी, असेल तर उत्तम; ती मजबूत असते आणि बाहेर कमी येते.

उजव्या टाकीवर लांब नळी, साधारण २.१ मीटरची. ती उजव्या टाकीकडून छातीवरून डाव्या खांद्यावर जाते, मानेमागून फिरते आणि उजवीकडून तोंडात येते. उरलेली नळी टाकीवरच्या रबरी पट्ट्यांमध्ये दुमडून ठेवतात. हवा संपलेल्या जोडीदाराला हीच नळी द्यायची असते. तिच्या सेकंड स्टेजजवळ छोटा बोल्ट स्नॅप असतो, जो वापरात नसताना उजव्या छातीच्या डी-रिंगला अडकवतात. हा स्नॅप रबरी रिंगने किंवा जोरात ओढल्यास तुटेल अशा बांधणीने लावा. जोडीदाराने ओढली तर नळी सुटलीच पाहिजे.

डाव्या टाकीवर आखूड नळी. ती सरळ वर येते, सेकंड स्टेजपाशी ९० अंशाचा कोपरा लावतात म्हणजे नळीला पीळ पडत नाही. ही सेकंड स्टेज गळ्यातल्या बंजीच्या हारात अडकवलेली असते, हनुवटीखाली कायम सापडते. विंगमध्ये हवा भरणारी छोटी नळी डाव्या टाकीवरून येते, तर ड्रायसूटची नळी उजव्या टाकीवरून. डावी टाकी बंद करावी लागली तर विंग यंत्राने फुगणार नाही, तोंडाने फुगवावी लागेल, हे पाण्यात उतरण्यापूर्वीच डोक्यात पक्कं असू द्या.

गेजच्या नळ्या १५ सेंटिमीटरच्या घ्या. लांब गेज टाकीखाली लोंबतात आणि तळावर घासत जातात. प्रवाळावरून जाताना ते फार वाईट. छोट्या नळीवरचे गेज छातीपाशीच राहतात आणि मान किंचित वाकवली की दिसतात.

जमिनीवरची तालीम

सगळं बसवून झालं की टाक्यांशिवाय एकदा आणि टाक्यांसह एकदा तालीम करा. टाक्या अंगावर असताना कमरेतून नव्वद अंश वाकून उभे राहा, म्हणजे पाण्यातल्यासारखी स्थिती येते. दुसऱ्याला बाजूने आणि समोरून फोटो काढू द्या. बाजूच्या फोटोत टाकी धडाच्या रेषेत दिसायला हवी, समोरच्या फोटोत दोन्ही व्हॉल्व्ह एका उंचीवर. बदल एका वेळी एकच करा आणि तो वहीत लिहून ठेवा. एकदम तीन गोष्टी बदलल्या की कुठल्या बदलाने काय झालं ते कधीच कळत नाही.

टाक्या अंगावर चढवणं

किनाऱ्यावरून उतरताना टाक्या एकेक करून कमरेएवढ्या पाण्यात न्या आणि तिथेच लावा. बोटीवर चालताना एक टाकी लावून दुसरी पाण्यात घेणारे पुष्कळ आहेत, दोन्ही लावून उडी मारणारेही. क्रम मात्र ठरलेला हवा:

१. विंगमध्ये थोडी हवा भरा.
२. डावी टाकी आधी. गळ्याशी जादा क्लिप असेल तर ती छातीच्या डी-रिंगला लावा, म्हणजे टाकी हातातून निसटणार नाही.
३. कमरेचा स्नॅप अडकवा, मग बंजी व्हॉल्व्हवर चढवा.
४. विंगची नळी जोडा आणि आखूड रेग्युलेटर गळ्यातल्या हारात घाला.
५. उजवी टाकी त्याच क्रमाने. लांब नळी सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वरून.

पाचवी पायरी चुकली, म्हणजे लांब नळी हाराखाली अडकली, की जोडीदाराला हवा देताना तुमचाच गळा ओढला जातो. दोघांनी एकमेकांच्या नळ्या हाताने चाचपून बघा. दोन्ही रेग्युलेटरमधून गेजकडे बघत तीन-चार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे.

काढताना लांब नळी आधी मानेवरून सोडवा, विंगची नळी काढा, खालचा स्नॅप सोडा, शेवटी बंजी. बंजी आधी काढली तर व्हॉल्व्हचं टोक खाली कोसळतं आणि टाकी कमरेला उलटी लटकते.

पाण्यात काय बघायचं

पहिले डाइव्ह ३ ते ५ मीटर खोल, शांत पाण्यात करा. गुडघे काटकोनात वाकवा, हात पुढे, आणि अर्धा मिनिट काहीही हालचाल करू नका. पाय खाली जात असतील तर वजनं खांद्यांकडे हलवा. डोकं खाली जात असेल तर कमरेकडे. वजनं पाठीच्या कण्यालगतच्या खिशांत ठेवली तर हलवायला सोपी.

ॲल्युमिनियमच्या टाकीचा स्वभाव नवशिक्याला फसवतो. भरलेली ‘८०’ समुद्रात जेमतेम ०.७ किलोने बुडते, रिकामी झाली की जवळपास २ किलोने तरंगते. म्हणजे एका टाकीत सुमारे २.७ किलो हवा असते आणि दोन्ही संपल्यावर तुम्ही ५ किलोपेक्षा जास्त हलके होता. म्हणून वजनाचा हिशोब भरलेल्या टाकीवर नको. ५० बार उरलेल्या टाक्या घेऊन, ५ मीटरवर, विंग जवळजवळ रिकामी ठेवून थांबता येतं का ते तपासा.

हवा संपत जाते तसं ॲल्युमिनियमच्या टाकीचं शेपूट पाठीच्या वर उठतं. उपाय म्हणजे खालचा स्नॅप मागच्या रिंगवरून काढून कमरेच्या पट्ट्यावरच्या पुढच्या, पोटाकडच्या रिंगला लावायचा. डाइव्हमध्ये एकदा किंवा दोनदा हे करावं लागतं, म्हणून पुढची रिंग सरकती ठेवतात. काही जण त्याऐवजी टाकीच्या बुडाला वजन बांधतात. तेही चालतं, पण टाकी उचलताना ते वजन हाताला जड जातं. स्नॅप हलवणं शिकून घेतलेलं बरं. स्टीलची टाकी शेवटपर्यंत जड राहते, तिला मागच्या बट प्लेटवर, म्हणजे हार्नेसच्या कमरेमागच्या पट्टीवर, एकदा लावली की पुन्हा हात लावावा लागत नाही. तिचं शेपूट खाली झुकत असेल तर अडकवायची जागा पाठीच्या वर घ्या किंवा दोरी आखूड करा.

विंगमधली हवा सोडतानाही सवय बदलावी लागते. विसर्जनाचा व्हॉल्व्ह बहुधा कमरेपाशी असतो. आडवे असताना ती बाजू किंचित वर करा आणि दोरी ओढा. उभं राहून हवा सोडायला गेलात तर हवा वरच्या बाजूला जमते आणि खालच्या व्हॉल्व्हमधून काहीच बाहेर पडत नाही.

दोन टाक्यांतून हवा कशी वापरायची

दोन टाक्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, म्हणून त्या समान ठेवणं तुमचं काम. २०० बारच्या दोन टाक्यांसाठी साधा क्रम असा: उजवी १७० पर्यंत, मग डावी १४० पर्यंत, मग उजवी ११० पर्यंत, मग डावी ८० पर्यंत, मग उजवी ५० पर्यंत, शेवटी डावी ५० पर्यंत. या क्रमात दोन्ही टाक्यांतला फरक कधीच ३० बारच्या वर जात नाही.

समानतेचा अट्टहास कशासाठी, ते आकड्यांनी बघू. गुहेत तिसऱ्या भागाच्या नियमाने (एक भाग हवा जायला, एक परतायला, एक राखीव) २१० बारच्या दोन टाक्या घेऊन निघालात आणि दोन्ही १४० वर परत फिरलात. परतीला एकूण १४० बार लागतील. तिथेच एक टाकी निकामी झाली तरी दुसरीतले १४० पुरतात. आता एका टाकीत २१० आणि दुसरीत ७० असताना परत फिरलात, बेरीज तीच २८०. भरलेली टाकी निकामी झाली तर हातात ७० उरतात, गरज १४० ची आहे. बेरीज तीच असूनही माणूस परत येत नाही.

आणीबाणीचा सराव

सुरुवातीच्या प्रत्येक डाइव्हमध्ये एक सराव तरी करा: रेग्युलेटर बदलणं, जोडीदाराला लांब नळी देणं, डोळे मिटून व्हॉल्व्ह बंद करून परत उघडणं, एक टाकी अंगावरून काढून परत लावणं. रेग्युलेटरमधून हवा धो-धो वाहायला लागली तर दुसरा रेग्युलेटर तोंडात घ्या आणि वाहणारी टाकी बंद करा. त्या टाकीत बरीच हवा असेल तर श्वास घेताना व्हॉल्व्ह उघडून, श्वास सोडताना बंद करून तिच्यातली हवा वापरता येते. हे पाठीवरच्या टाकीत जवळपास अशक्य असतं. इथे नॉब हाताखालीच असतो. पण हे कसब उथळ पाण्यात, प्रशिक्षकासमोर घोटवलं तरच खोल पाण्यात जमेल.

बंजी, स्नॅपच्या दोऱ्या आणि रबरी रिंगा हे घसाऱ्याचे भाग. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवू नका, आणि पिशवीत मापाप्रमाणे कापलेला एक बंजीचा तुकडा आणि दोन मीटर दोरी कायम ठेवा.